सिंधूला सगळं माहीत होतं

भाऊबीज सरली की गोंदिया जिल्ह्यात मंडया भरू लागतात. गोरेगाव तालुक्यातल्या गावांतही तेच. दिवसा बाजार, दंडार, घरोघरी पाहुणे. आणि रात्री नाटक. गोरेगावजवळून जाणारी गोंदिया–बल्लारशा रेल्वे पुढे वडशाला पोचते. हे वडसा, म्हणजे देसाईगंज, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, गावोगावची मंडळं नाटक ठरवायला जातात तीही तिथेच. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खेळ संपतो तेव्हा पूर्वेकडे उजाडायला आलेलं असतं.

या नाटकांच्या मंडपांत एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. रंगमंचावर दारुडा किंवा बाहेरख्याली नवरा बायकोची समजूत घालत असतो. आता सगळं सोडलं, उद्यापासून नवा माणूस, वगैरे. बायको डोळे पुसते आणि मान डोलावते. तेवढ्यात पुढच्या रांगेत शाल गुंडाळून बसलेली एखादी आजी मोठ्यानेच बोलते, “नोको आयकू वो बाई त्याचं!” आजूबाजूला हसू उमटतं. घटकाभराने तेच होतं जे आजीला आधीच ठाऊक होतं, आणि मग हसलेल्या सगळ्याच जणी पदर डोळ्यांना लावतात.

कोडं साधं आहे. जे आजीला पंधरा हातांवरून दिसतं, ते नायिकेला एका घरात राहून का दिसत नाही? ‘नाटककाराने तिला भोळी केली’ हे सोपं उत्तर झालं. पण भोळ्या बाईसाठी माणसं पहाटेपर्यंत थंडीत बसत नाहीत. माझं म्हणणं असं की शोकांतिकेतल्या मोठ्या नायिकांना सगळं दिसत असतं. दिसूनही त्या ते कसं बाजूला ठेवतात, त्याची एक रीत असते. ती समजून घ्यायला मराठीतली सर्वांत ओळखीची नायिका घेऊ : ‘एकच प्याला’मधली सिंधू.

विदर्भाला हे नाटक परकं नाही. राम गणेश गडकरी वारले ते नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलेलं त्यांनी पाहिलं नाही. महिन्याच्या आत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. सिंधू होते बालगंधर्व, सुधाकर होते गणपतराव बोडस. पुढे हे नाटक महाराष्ट्रभर फिरलं आणि झाडीपट्टीतही रुजलं. २०२३ साली पद्मश्री मिळालेले झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांच्या नाटकांत त्याचं नाव घेतलं जातं.

चौकट : ‘एकच प्याला’ थोडक्यात
सुधाकर हुशार वकील, पण तापट. कोर्टातल्या एका प्रकरणात त्याची सनद सहा महिन्यांसाठी जाते. अपमानाने पोळलेल्या सुधाकरला त्याचा कारकून तळीराम पहिला पेला देतो. त्यानंतर घर उतरणीला लागतं. पत्नी सिंधू माहेरची मदत नाकारते आणि दळणकांडण करून लेकराला जगवते. मित्र रामलाल समजावतो, काही उपयोग होत नाही. मध्ये एकदा सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, काम शोधतो, ठिकठिकाणी अपमानित होतो आणि पुन्हा पितो. शेवटी नशेत त्याच्या हातून मूल मरतं, सिंधूला जीवघेणी इजा होते; तो स्वतःही विष घेतो. तळीरामाची बायको गीता हे नाटकातलं आणखी एक स्त्रीपात्र विसरू नये.

धुऱ्याच्या अलीकडे, धुऱ्याच्या पलीकडे

आत्मवंचना म्हणजे स्वतःलाच फसवणं. या शब्दातच एक अडचण आहे. दुसऱ्याला फसवताना खरं मला ठाऊक असतं आणि त्याला नसतं. स्वतःला फसवताना ठाऊक असणारा मी आणि ठाऊक नसणारा मी, दोघे एकाच डोक्यात कसे राहतात?

धानाच्या बांध्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे कळायला जड जाऊ नये. एका बांधीत पाणी साचलेलं असतं, शेजारची कोरडी असते, आणि मध्ये हातभर उंचीचा मातीचा धुरा. पाणी शेतात असतंच, फक्त ते या बाजूला येऊ दिलेलं नसतं. खेकड्याने भोक पाडलं, पावसाने माती खचली, की कोणी तरी जाऊन धुरा बुजवावा लागतो. आपोआप टिकणारा धुरा कोणी पाहिला नाही.

मनात ज्ञानाचं असंच होतं. ‘हा सुधारणार नाही’ ही माहिती सिंधूच्या एका बांधीत भरलेली आहे. दळणाला बसताना ती माहिती तिच्यापाशी असते. नसती तर ती दुसऱ्याचं दळण घ्यायला गेलीच नसती, वकिलाची बायको म्हणून घरी बसून राहिली असती. घरात पैसा येणार नाही हे तिचे हात जाणतात. पण ‘मग आता इथे राहायचं की नाही?’ हा प्रश्न ज्या बांधीत आहे, तिथवर ती माहिती पोचू दिली जात नाही. एवढंच. तिची समजूत, तिचं पातिव्रत्य, तिचं गाणं, लेकराला हसवणं, ही सगळी धुरा बुजवण्याची रोजची कामं आहेत.

म्हणून आत्मवंचना हा आळस नव्हे, ते कष्टाचं काम आहे. ज्या घरात व्यसन आहे तिथे बाई किती थकलेली असते ते आठवा. अर्धा थकवा घरकामाचा असतो. उरलेला या डागडुजीचा.

कमी मोबदला, जास्त विश्वास

ही डागडुजी मन का करतं? मानसशास्त्राने याची काही उत्तरं शोधली आहेत. त्यातलं एक ऐकायला उलटं वाटतं.

१९५९ साली लिऑन फेस्टिंजर आणि मेरिल कार्लस्मिथ या दोन अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं : ताटलीत रिळं भरायची, काढायची, फळीतल्या खुंट्या थोड्या थोड्या फिरवत बसायचं. काम झाल्यावर त्यांना सांगितलं की बाहेर बसलेल्या पुढच्या व्यक्तीला ‘काम फार मजेचं आहे’ असं सांगा. या खोटं बोलण्याबद्दल काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर प्रत्येकाला विचारलं, खरंच, काम कसं होतं?

वीस डॉलरवाले प्रामाणिक राहिले. कंटाळवाणं होतं म्हणाले. एक डॉलरवाल्यांना मात्र ते काम आता बरंच बरं वाटू लागलं होतं. कारण वीस डॉलरवाल्यापाशी सबब होती : पैशासाठी खोटं बोललो. एक डॉलरवाल्यापाशी सबब नाही. एवढ्याशा पैशासाठी आपण खोटं बोललो हे मनाला टोचतं, आणि बोललेले शब्द मागे घेता येत नाहीत. मग मत बदलतं. दोन न जुळणाऱ्या गोष्टी मनात एकत्र आल्या की होणाऱ्या या टोचणीला मराठीत बोधात्मक विसंगती म्हणतात. नाव जड आहे, अनुभव रोजचा आहे.

आता सिंधूकडे पाहा. तिने काय काय दिलं? माहेरचा आधार, दागिने, प्रतिष्ठा, पोटभर अन्न. मिळालं काय? जवळजवळ काहीच नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, एवढं गमावलं, आता तरी डोळे उघडावेत. पण मनाचा हिशेब उलटा चालतो. जितकं जास्त दिलं आणि जितकं कमी मिळालं, तितकं ‘हे व्यर्थ होतं’ असं म्हणणं महाग पडतं. सुधाकर सुखात ठेवणारा नवरा असता तर सिंधूला त्याच्यावर इतकी श्रद्धा ठेवण्याची गरजच पडली नसती. श्रद्धा वाढते ती वंचना वाढल्यावर. आजीला जे दिसतं ते सिंधू बाजूला ठेवते, याचं पहिलं कारण हेच : आजीने त्या घरात काहीही गुंतवलेलं नाही.

दुसरं कारण सुधाकरच्या त्या मधल्या निश्चयात आहे. वर्तनाचे अभ्यासक बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांना कळीवर चोच मारून दाणा मिळवायला शिकवलं होतं. प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि मग एकदम बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल सांगता येत नाही, अशी सवय लागलेली असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते फार वेळ टोचत राहतं. रोज सारखाच वाईट असलेला नवरा सोडणं तुलनेने सोपं. अधूनमधून शुद्धीवर येणारा, पश्चात्ताप करणारा, लेकराला जवळ घेणारा नवरा सोडणं महाकठीण. गडकऱ्यांना हे प्रयोग ठाऊक असायचं कारण नाही, पण सुधाकरला त्यांनी पूर्ण राक्षस केलं नाही हे त्यांचं मोठं शहाणपण. त्याचा तो सुधारण्याचा प्रयत्न काढून टाका, सिंधू खरोखरच मूर्ख वाटू लागेल.

तिसरं कारण मानसशास्त्राचं नाही, कायद्याचं आहे, आणि मला ते सर्वांत वजनदार वाटतं. १९१९ साली सिंधूसारख्या हिंदू बाईला घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तर २००५ चा. ज्या खोलीला दारच नाही, तिथे ‘बाहेर पडावं’ या विचाराचा उपयोग काय? तो विचार नुसता छळतो. अशा वेळी मनाने तो धुऱ्यापलीकडे ढकलला तर त्याला वेडेपणा म्हणवत नाही. सिंधूला नावं ठेवणाऱ्या आजच्या समीक्षकांनी १९१९ हे एक साल लक्षात ठेवावं.

मरताना बोललेलं खोटं

सिंधूला सगळं माहीत होतं, याचा पुरावा नाटकाच्या शेवटी आहे. मूल गेलेलं, ती स्वतः मरणाच्या दारात, आणि फौजदार चौकशीला येतो. ती असा जबाब देते की सुधाकरवर काहीच येऊ नये.

या प्रसंगावर पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक रडले. पण क्षणभर डोळे पुसून त्यातलं काम पाहा. खोटं बोलायला खरं नेमकं माहीत असावं लागतं. काय लपवायचं, कुठे शंका येईल, कोणता शब्द टाळायचा, हे सगळं तिला त्या अवस्थेत अचूक कळतं. आयुष्यभर पाणी जिथे येऊ दिलं नाही त्या बांधीत ते या एका घटकेला भरतं, आणि ती ते पाहते. पाहून काय करते? आतापर्यंत स्वतःपुरतं जे करत होती तेच आता सरकारी कागदावर करते.

याला एक कायदेशीर टोकही आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाविषयी केलेलं निवेदन न्यायालयात पुरावा म्हणून चालत असे. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. त्यामागची जुनी धारणा अशी की मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही. सिंधू नेमकं तिथेच खोटं बोलते, आणि तेही एका वकिलाला वाचवायला. मंडपातल्या प्रत्येकाने घटना डोळ्यांनी पाहिली आहे. कागदावर मात्र वेगळंच उतरणार. शे-दोनशे, कधी हजारभर साक्षीदार, आणि एकालाही साक्ष देता येत नाही. रडू फुटतं त्यात या अडकलेपणाचा वाटा मोठा असावा.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेत ‘ओळख पटण्या’ला फार महत्त्व दिलं : पात्राला अज्ञानातून सत्य कळतं तो क्षण. सिंधूच्या बाबतीत ती ओळख पटते, पण तोंडून बाहेर पडत नाही. ती बोलण्याचं काम प्रेक्षकांवर येऊन पडतं. पुढच्या रांगेतली आजी ओरडते ती त्यामुळेच. तिला गावंढळ म्हणू नये. तिचं ओरडणं हा नाटकाचाच भाग आहे.

दिवा झाकणारी आणि दार लावणारी

जगातल्या दुसऱ्या नायिकांशी ताडून पाहिलं तर सिंधूचं वेगळेपण कळतं. टेनेसी विल्यम्स यांच्या १९४७ च्या गाजलेल्या नाटकातली ब्लांश (तेंडुलकरांनी ते ‘वासनाचक्र’ नावाने मराठीत आणलं) उघड्या दिव्यावर कागदी कंदील चढवते. उजेडात वय दिसतं, भूतकाळ दिसतो. ती स्वतःविषयीचं खरं झाकते. सिंधू दुसऱ्याविषयीचं झाकते. ब्लांशचा कंदील कोणी तरी फाडतं आणि ती कोसळते. सिंधूचा धुरा कोणी फोडू शकत नाही, कारण सगळा समाज त्यावर माती टाकायला उभा आहे. पतिव्रता म्हणून तिला हात जोडणारेही त्यातच आले.

इब्सेनची नोरा तिसऱ्या तऱ्हेची. १८७९ च्या त्या नाटकात तिला वाटत असतं की वेळ आली तर नवरा सगळा दोष स्वतःवर घेईल. वेळ येते, नवरा तिच्यावरच डाफरतो, आणि तिचा भ्रम एका संध्याकाळी संपतो. ती दार लावून निघून जाते. मो. ग. रांगणेकरांच्या १९४२ च्या ‘कुलवधू’वर त्या नाटकाची छाया आहे असं म्हणतात. सिंधू ते कुलवधू हे अंतर तेवीस वर्षांचं. मराठी रंगभूमीवरच्या बाईला घराबाहेर पाऊल टाकायला एवढा वेळ लागला.

आणि गीता?

खरं तर एवढा वेळ लागला नव्हता. बाहेर पडण्याइतकी स्पष्ट बाई ‘एकच प्याला’तच होती : तळीरामाची बायको गीता. तिचा नवरा सुधाकरपेक्षा अट्टल. पण ती त्याला दारुडा म्हणते, तोंडावर म्हणते, चारचौघांत म्हणते. माहिती आणि निर्णय यांच्यामध्ये तिने धुरा घातलेलाच नाही.

गडकऱ्यांनी तिला विनोदाच्या बाजूला ठेवलं. कारकुनाच्या बायकोने खरं बोललं की लोक हसतात. वकिलाच्या बायकोने तेच बोललं असतं तर १९१९ चा प्रेक्षक उठून गेला असता. मला विचाराल तर नाटकातलं सर्वांत शहाणं माणूस गीताच. तरी आपण तिच्यासाठी रडत नाही. तिच्याजवळ रडण्यासारखं काही लपलेलंच नाही, हे त्याचं कारण. करुण रस दाबून ठेवलेल्या ज्ञानातून पाझरतो. गीताचं सगळं उघड्यावर आहे.

मंडपातले आपण

एक गंमत राहिली. सिंधूला आपण नावं ठेवतो, पण मंडपात बसल्यावर आपण वेगळं काय करतो? बालगंधर्वांच्या काळी प्रेक्षकांना ठाऊक होतं की लुगडं नेसून दळणाला बसलेला पुरुष आहे. झाडीपट्टीत रंगमंचावर वरून माईक लोंबत असतात, विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू येतो, मरणाच्या प्रसंगाआधी एखादी लावणीही होऊन जाते. नायिका झालेली बाई सकाळी गाडीत बसून दुसऱ्या गावच्या खेळाला जाणार हेही सगळ्यांना माहीत. तरी गळा दाटतो. कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ साली याला नाव दिलं होतं. अविश्वास आपखुशीने बाजूला ठेवणं, असा त्याचा साधारण अर्थ.

यंत्रणा तीच. माहिती एका बाजूला, भावना दुसऱ्या बाजूला. फरक दोन. आपण धुरा घालतो तो ठरवून, आणि पहाटे पडदा पडला की काढूनही टाकतो. सिंधूच्या खेळाला पहाट नसते.

मंडपाबाहेर

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना सिंधू रोज भेटते. नवरा कामावर गेला नाही की ‘ताप आलाय’ असा निरोप ती धाडते. उधारी ती फेडते. पोरांना ‘बाबा झोपलेत’ ती सांगते. प्रत्येक वेळी हेतू चांगला, आणि प्रत्येक वेळी पिणाऱ्याचं पिणं थोडं सोपं होतं. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने (स्थापना १९८६) म्हणूनच फक्त पिणाऱ्यांवर न थांबता त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. एकट्या डोक्यात टिकणारा धुरा चार जणींत बसून बोलताना टिकत नाही. पहिली बाई बोलते, दुसरी म्हणते ‘आमच्याकडेही असंच’, आणि मग आपल्याच घरात असं आहे ही लाज उरत नाही.

झाडीपट्टीच्याच मुलखातल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गोंदिया जिल्ह्यात तशी बंदी नाही, पण राज्यभर लागू असलेली एक वाट इथेही आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर परवान्याच्या दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. यातली अट बारकाईने वाचण्यासारखी आहे. दुकान बंद व्हायला पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे त्या दिवशी जी बाई घरातच राहिली, कोणत्याही कारणाने असो, तिचं मत उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारखंच होतं.